जिवतीतलं सातवं लेकरू

॥ श्री ॥

देवघरातले दिवे चिंच लावून घासायला बसले होते. परवा आषाढाची अमावस्या, म्हणजे आमची जिवती. गल्लीतल्या हिंदीवाल्यांचा सावन पंधरा दिवसांपूर्वीच लागला, पण आमचा श्रावण अमावस्येनंतर, आणि त्याआधी घरातला एकूण एक दिवा लख्ख पाहिजे. समया झाल्या, निरांजनं झाली, पाच दिवे अजून तसेच काळे पडून होते, तेवढ्यात समोरच्या खोलीतून आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, आवाज आला.

"अवं, यातला भूपेंद्र कुठी गेला?"

भूपेंद्र म्हणजे माझा धाकटा दीर. तो ट्रक चालवतो आणि चार दिवसांपासून माल घेऊन कोलकात्याच्या रस्त्याला आहे. चिंचेच्या हातानेच धावले. पाहते तर आई पलंगावर बसलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, मांडीवर टॅब आणि त्याच्या काचेवर बोट टेकवलेलं. समोर भूपेंद्रची बायको सुचिता, माझी धाकटी जाऊ, उभी.

"इथं होता," आई म्हणाल्या. "पाळण्याच्या बाजूनं रांगत होता."

"ते लेकरू होय, आई? ते पुसलं मी," सुचिता सहज म्हणाली. "लई गर्दी होऊन राहिली होती तिथं."

आईंनी टॅब पलंगावर पालथा ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बजारातून कागद आणजो जिवतीचा. दरसालसारखा." आणि माळ घेऊन देवघरात जाऊन बसल्या.

सुचिताचा चेहरा उतरला. तीन वर्षांपासून तिची एकच इच्छा होती, की जिवतीचा कागद तिनं स्वतः काढावा आणि आमच्या भिंतीवर लागून त्याची पूजा व्हावी. या वर्षी आईंनी होकार दिला होता. तो होकार एका पुसण्यात गेला.

सुचिताबद्दल या वहीत मी आजवर तुकड्या-तुकड्यानं लिहीत आले. आज सलग लिहिते.

आठ वर्षांपूर्वी ती मोहगावहून आमच्या पांढुर्ण्यात सून म्हणून आली. कोपरा तडकलेला एक मोबाइल सोबत घेऊन आली होती. पहिल्याच उन्हाळ्यात मी गच्चीवर पापड उचलायला गेले, तर बाईसाहेब पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून काचेवर बोटानं काहीतरी गिरवत होत्या. मला पाहून तिनं मोबाइल पदराखाली लपवला, जशी शाळेत मुलं चिंच लपवतात.

"काय करून राहिली?"

"काही नाई, ताई."

"दाखव तं."

बैल होता. निळा.

"निळा काहून?"

"पांढऱ्यावर पांढरा दिसत नाई ना, ताई."

तेव्हा मला कळलं की मोबाइलवर चित्रं काढतात, रंग सांडत नाही, ब्रश धुवावा लागत नाही, आणि चुकलं तर एका टिचकीत मागं जाता येतं. मला ते जरा पापच वाटलं होतं. आपल्याला पोळी करपली तर कुठं मागं जाता येतं?

मोबाइलवरच तिच्यासारख्या हौशी चित्रकारांचा एक ग्रुप होता. कोणी नर्स, कोणी बँकेतला, कोणी कॉलेजातली पोरगी. सगळे कामधंदा सांभाळून काढणारे. रविवारी प्रत्येकानं आठवड्याचं चित्र टाकायचं आणि इतरांनी सांगायचं, काय जमलं, काय नाही. सुचिताच्या चित्राखाली बरेच दिवस नुसतं "छान", "मस्त" येत होतं, आणि ती त्यावर खूश होती. मग पोळ्याच्या आधी तिनं बैलजोडी टाकली, आणि अकोल्याच्या यशवंतराव नावाच्या गृहस्थांनी लिहिलं: "बैलाचे मागचे गुडघे माणसासारखे पुढे वळले आहेत. चार दिवस गोठ्यात जाऊन बसा." हे यशवंतराव म्हणजे एसटीच्या डेपोत गाड्यांवर नावं आणि आकडे रंगवून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही अजून पाहिलेलं नाही.

दोन दिवस सुचितानं मोबाइलला हात लावला नाही. भाजी खारट झाली. तिसऱ्या दिवशी आईंनी विचारलं, काय झालं. तिनं चित्र दाखवलं.

"खरं हाय त्या माणसाचं," आई म्हणाल्या. "मले तं वाटलं बैल बसाची तयारी करून राहिला. म्हणून मी काही बोलली नाई."

"तुमाले दिसलं होतं, आई?"

"आंधळी हाय का मी?"

मग मीच तिला जाम नदीच्या पुलावरून पलीकडे सावरगावला नत्थूजींच्या गोठ्यात घेऊन गेले. नत्थूजी आमच्या सासऱ्यांच्या वेळचे, त्यांची जोडी पोळ्याला पुढे असायची. दुपारची भांडी आटोपली की आम्ही जायचो, मी वाती वळत बसायची आणि ती बैलांच्या मागे. असे अकरा दिवस. नवव्या दिवशी नत्थूजींना राहवेना.

"काय वो सूनबाई, साऱ्या जनावराचं मागचंच काढून राहिली. तोंडाकडून बैल आवडत नाई का?"

"तोंड जमते, नत्थूजी. पाय नाई जमत."

"एक लाथ खाल्ली का सारे पाय ध्यानात राह्यतीन."

लाथ खावी लागली नाही. पोळ्याच्या रविवारी तिनं नवी जोडी टाकली. यशवंतरावांनी एकच ओळ लिहिली: "आता हा बैल उभा राहिला." ती ओळ तिनं मला दाखवली, आईंना दाखवली, सकाळी दूधवाल्यालाही दाखवली. तो म्हणाला, "दूध कितना दूँ?"

तिथून तिचा नेम सुरू झाला. रोज एक चित्र, मग घरात पाहुणे असोत की दुखणं. भूपेंद्रनं एका फेरीहून येताना पेनवाला टॅब आणला. त्या हिवाळ्यात तिनं नुसते हात काढले. आईंचे मेथी निवडणारे हात, माझे कणीक मळणारे. मी म्हटलं, "माझे हात इतके म्हातारे नाहीत गं." ती मान वर न करता म्हणाली, "आहेत, ताई." मी ते चित्र आणि माझे हात बराच वेळ शेजारी धरून पाहिले. तिचंच खरं होतं.

घरी भजनाला येणाऱ्या बायकांनाही ती काढायची. एकदा एक बाई रुसल्या, "कलाबाई, तुमच्या सुनेनं माह्यं नाक केवढं मोठं काढलं पाहा."

आई म्हणाल्या, "नाक तिनं नाई दिलं, माय. तुया मायनं दिलं."

आज मागं वळून पाहिलं की त्या दुपारीच डोळ्यांपुढे येतात. दोन ते चारची वेळ. आई पलंगावर कलंडलेल्या, दाराशी उजेडाला सुचिता, आणि आतल्या बाजूला मी सुपात गहू घेऊन. आम्ही दोघी बोलायचोही नाही फारसं. पुढे श्रुती झाली. मग एक मांडी लेकीला आणि दुसरी टॅबला. आमचा जुना पाटा-वरवंटा, परसातलं लिंबाचं झाड, माझ्या गौरवची दहावीची सायकल, यातलं आता घरात काही उरलं नाही. झाड रस्त्यात गेलं, पाटा आम्ही देऊन टाकला. तिच्या टॅबात मात्र सगळं जिथल्या तिथं आहे. गौरव आणि प्रणाली, माझी दोन्ही मुलं, शिकायला नागपूरला गेली, तेव्हा मी कधी कधी तिला म्हणायची, "ते सायकलवालं काढ गं जरा." ती काढून द्यायची आणि स्वतः पाणी प्यायला उठून जायची.

जिवतीचा विषय तिनं तीन वर्षांपूर्वी काढला. मी बाजारचा कागद भिंतीला खळ लावून चिकटवत होते. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी लिहिते: या कागदावर वर नरसिंह आणि कालियावर नाचणारा कृष्ण, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती, आणि मध्ये लेकरांनी वेढलेल्या दोघी जिवत्या, पाळणा हलवणाऱ्या. श्रावणभर त्यांची पूजा करायची, आघाडा-दुर्वांची माळ घालायची आणि घरातल्या लेकरांचं आयुष्य मागायचं. पूर्वी सोनार घरी कागद आणून द्यायचा, आता बाजारातून आणतो.

"आई, हा कागद मी काढू?" सुचितानं विचारलं.

"मोबाइलातल्या देवाले कुकू कुठी लावू? काचेले?"

"छापून आणू ना कागदावर."

"आधी नीट काढ तं. देवाचं हाय ते. बैलाचे गुडघे नाई."

पहिल्या वर्षीचा तिचा नरसिंह मांजरासारखा झाला. दुसऱ्या वर्षी वाघ बरा उतरला, पण दोघी जिवत्या अशा नटलेल्या की आई म्हणाल्या, "ह्या कोन? ह्याइच्या मांडीवर लेकरू टिकंल का? ह्या तं निघाल्या लग्नाले." ग्रुपवर त्याच चित्राला खूप वाहवा मिळाली होती. तरी सुचितानं ते बाजूला ठेवलं.

या वर्षी तिनं जिवत्यांना साध्या बायकांचे चेहरे दिले. हनुवटीवर गोंदण, बाह्या दंडावर चढवलेल्या. आईंनी चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. म्हणाल्या, "लेकरं सात ठेवजो." सुचिताला वाटलं सात शुभ असतात, म्हणून. तिनं सात काढली. मागच्या आठवड्यात आई म्हणाल्या, "चालंल." त्या दिवशी सुचितानं शिरा केला होता.

मग रविवारी तिनं ते ग्रुपवर टाकलं. यशवंतरावांनी लिहिलं: "आजवरचं तुमचं उत्तम काम. एकच सांगतो. डावीकडे गर्दी आहे, देवीचा आशीर्वादाचा हात पाळण्यामागे हरवला. रांगणारं मूल काढून पाहा." सात वर्षांत त्या माणसाचा शब्द खोटा ठरला नव्हता. तिनं मूल काढलं. हात मोकळा दिसला. सगळ्यांनी कौतुक केलं. तिनं वेगवेगळ्या थरांवर काढलेलं सगळं चित्र छापण्यासाठी एक करून टाकलं, म्हणजे मागं जायचा रस्ता बंद, आणि काल, सोमवारी सकाळी ते आईंच्या मांडीवर ठेवलं.

आणि इथं चूक माझी आहे, ती मी लिहून ठेवते. मला माहीत होतं. सव्वीस वर्षांपूर्वी मी या घरात आले, तेव्हा जिवतीचा कागद भिंतीवर लागला की आई घरातल्या मुलांना समोर उभं करायच्या आणि कागदावरच्या एकेका लेकराला नाव द्यायच्या. हा हेमराज, म्हणजे माझे यजमान. ही उषा, माझी नणंद. आणि हा रांगणारा भूपेंद्र. भूपेंद्र तेव्हा दहा वर्षांचा, तो पाय आपटायचा, "मी रांगतो का आता?" आई म्हणायच्या, "तू माह्यासाठी रांगतच हायेस." पुढे माझी मुलं आली, उषाताईंचा चेतन आला, कागदावरची जागा त्यांना मिळत गेली, आणि मग सगळीच मोठी झाली, भिंतीसमोर उभं राहायला लाजू लागली. सुचिता येईपर्यंत ती पद्धत बोलण्यातून गेली होती. आईंच्या मनातून गेली नसणार, हे मला सुचायला हवं होतं. आमच्याकडे जुना कागदही कधी फाडत नाहीत, त्याच्यावरच नवा लावतात, कारण लेकरांवर नख लागू नये. आणि सुचितानं तर अख्खं लेकरू पुसलं होतं.

मी स्वयंपाकघरात तिला हे सांगितलं. ती उंबरठ्यावरच बसली.

"म्हणजे मी माह्याच नवऱ्याले पुसलं?"

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मले कोनी सांगितलंच नाई, ताई."

दुपारी भूपेंद्रचा फोन आला. आईंनी तो सुचिताच्या हातातून घेतला.

"बरा हायेस ना रे?"

"हाव, आई. काहून?"

आईंनी सांगितलं. पलीकडून तो मोठ्यानं हसला, आम्हाला इथं ऐकू आलं. "पुसलं मले? बरं झालं. आता सिलिंडर आणाले मले कोनी सांगू नका."

"मजाक नोको करू. दोन दिवस गाडी हळू चालवजो," आई म्हणाल्या आणि फोन ठेवला. जेवल्या अर्धीच पोळी.

सुचितानं माफी वगैरे मागितली नाही. ती टॅब घेऊन देवघराच्या दाराशी खाली बसली आणि रांगणारं लेकरू पुन्हा काढू लागली. आईंची माळ चालू होती. नजर मात्र टॅबवर.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "तसा नाई रांगे तो."

सुचितानं हात थांबवला. "मंग कसा, आई?"

"डावा पाय पोटाखाली दुमडे अन् एका कुल्ल्यावर घसरत जाये. चड्डी एकाच बाजूनं झिजे त्याची."

सुचितानं पुसलं, नव्यानं काढलं.

"डोकं मोठं कर."

"जास्त दिसंल ना."

"जास्तच होतं. टोपडं बसे नाई कोनाचं."

पुन्हा काढलं. आईंनी माळ गोमुखीत ठेवून दिली आणि सरकत तिच्या शेजारी आल्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून हलले नाही.

"अन् मागं पाहे तो," आई म्हणाल्या. "जाता जाता थांबे अन् मागं पाहे, कोनी येऊन राहिलं का म्हणून. कोनी नाई दिसलं तं पुढं जाये नाई."

सुचितानं पेन पुन्हा टेकवलं. समोर फोटो नाही, नमुना नाही. मग तिनं मान वळवली लेकराची. चौथ्या खेपेला आई टॅबवर वाकल्या आणि म्हणाल्या, "हाव. हाच."

आज सकाळी, रविवार नसताना, तिनं चित्र ग्रुपवर टाकलं. यशवंतरावांचं उत्तर लगेच आलं: "गर्दी परत आली. हात पुन्हा गेला. हे मूल परत का आणलं?"

तिनं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मग मला वाचून दाखवलं आणि पाठवलं: "काका, हे लेकरू आमच्या घरचं आहे. ते निघणार नाही." सात वर्षांत तिनं त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. मोबाइल पालथा ठेवून ती भाजी चिरू लागली, आणि मी पाहिलं, चिरलेलीच भेंडी पुन्हा चिरत होती. नरसिंह मांजरासारखा झाला तेव्हाही ज्या माणसानं तिला सोडलं नव्हतं, तो आता रागावला तर?

अर्ध्या तासानं उत्तर आलं. "मग त्याला हात लावू नका. बाकीचे सरकवा. पाळणा दोन बोटं उजवीकडे."

"अगंबाई," सुचिता म्हणाली, "हे माह्या ध्यानातच नाई आलं."

चित्राचे थर एक झालेले, म्हणून तिनं पाळणा पुसून दोन बोटं उजवीकडे नव्यानं काढला. मागची दोन लेकरं जिवतीच्या पाठीमागून डोकावू लागली. देवीचा हात मोकळा झाला आणि बरोबर त्या रांगणाऱ्याच्या मोठ्या डोक्यावर आला. तो तिनं मुद्दाम आणला की आपोआप आला, हे मी विचारलं नाही.

दुपारी चारला आईंनी चष्मा पुसून चित्र पाहिलं. बोट काचेला न टेकवता एकेकाकडे नेत म्हणाल्या, "हेमराज. उषा. भूपेंद्र. गौरव. प्रणाली. चेतन." मग थांबल्या. पाच वर्षांची श्रुती त्यांच्या खांद्यावर ओणवी झाली होती.

"अन् मी?"

"ही, वेणीवाली."

"माझी वेणी एवढी लांब नाही, आजी. मम्मी, छोटी कर."

"आली अजून एक सांगणारी," सुचिता म्हणाली, पण वेणी तिनं छोटी केली.

आईंनी टॅब माझ्या हातात दिला, सुलटा. "कागदावर आणजो. पलास्टिकवर नोको, त्याले खळ धरत नाई. अन् दोन आण. एक भूपेंद्रच्या गाडीत लावाले."

सुचिता पुरणाची डाळ निवडायला बसली आहे. पेनड्राइव्ह मी पिशवीत ठेवला. बस स्टँडसमोरचं छपाईचं दुकान सातला बंद होतं, आता तिथं जाऊन जिवतीच्या दोन प्रती कागदावर छापून आणते.